बलुत्यात नसलेला कारागीर

मराठीत ‘कौल’ हा शब्द दोन वेषांत वावरतो. एक तो कौल आणि दुसरे ते कौल. तो कौल अरबीतून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ वचन, अभय. ओसाड पडलेले गाव पुन्हा वसवावयाचे झाले, की रयतेला कौल दिला जाई. या, जमीन कसा, घरे बांधा, पहिली काही वर्षे साऱ्यात सूट मिळेल, असा त्याचा आशय असे. देवापुढे लावतात तोही हाच कौल. ते कौल म्हणजे छपरावरचे भाजल्या मातीचे खापर. व्याकरणाने एकाला पुल्लिंगात बसविले आहे, दुसऱ्याला नपुंसकलिंगात. त्यांची सोयरीक कोणी शब्दशास्त्रज्ञ मान्य करील असे वाटत नाही. परंतु व्यवहारात ही दोन्ही एकमेकांना धरून राहिली. तो कौल मिळाल्यावाचून कुळ गावात येत नसे, आणि डोक्यावर छप्पर चढल्यावाचून ते तेथे स्थिरावले असे कोणी मानीत नसे.

असे असूनही छपराचा इतिहास सांगणारा माणूस विरळा. किल्ल्यांचे, देवळांचे, लेण्यांचे ग्रंथ झाले. वाड्यांविषयी लिहिणारे दारावरच्या गणेशपट्टीपाशी, नक्षीच्या खांबांपाशी, चौकातल्या तुळशीवृंदावनापाशी थांबतात; मान वर करून आढ्याकडे पाहत नाहीत. मी पाहिले, कारण तेच माझे पोट होते. 1964 च्या उन्हाळ्यात मी नाशकात एका बांधकाम ठेकेदाराकडे उमेदवार म्हणून लागलो, आणि पहिली काही वर्षे माझा दिवस जमिनीपेक्षा छपरावर अधिक गेला. तेव्हा जे हाताने शिकलो, त्याचा इतिहास पुढे पुस्तकांतून व प्रवासातून गोळा करीत गेलो. दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

छपराचा पहिला शिक्षक पाऊस. नाशिक जिल्ह्यात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला 125 इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून तीस मैलांवर नाशिक शहरात तो 28 इंचांवर येतो, आणि आणखी पूर्वेला मालेगाव-येवल्याकडे वीस-बावीस इंचांवर समाधान मानावे लागते. एका जिल्ह्यात एवढा फरक. म्हणून छपरेही तीन तऱ्हांची. पेठ, सुरगाणा, इगतपुरी या बाजूला उंच आढ्याची, झपकन उतरणारी गवती व कौलारू घरे. पूर्वेकडे धाब्याची घरे: लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि वर सपाट गच्ची, जिच्यावर धान्य वाळवावे, उन्हाळ्यात पथारी टाकावी. नाशिक शहर या दोहोंच्या मध्ये. म्हणून जुन्या नाशकात धाबे आणि कौलारू ही दोन्ही शेजारी शेजारी नांदली. पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रवास करणाऱ्याने पर्जन्यमापक पाहू नये, नुसती छपरे पाहावीत. पाऊस किती पडतो ते कळत जाते.

गवती छप्पर स्वस्त आणि गार, पण त्याला दोन वैरी: वाळवी आणि विस्तव. दाट वस्तीच्या गावात एका चुलीची ठिणगी गल्ली खाऊन टाकी. हे भय सगळ्या जगाचे होते. लंडन शहरात 1212 साली मोठी आग झाली तेव्हा नव्या घरांना गवताचे छप्पर घालण्यास तेथे मनाई झाली. आपल्याकडे पैसा हाती आला, की माणूस गवतावरून कौलावर येई तो याच कारणाने. कौलारू घर म्हणजे बरी स्थिती, हे समीकरण खेड्यांत अगदी परवापरवापर्यंत टिकून होते.

हे देशी कौल करी गावचा कुंभार. चाकावर तो निमुळती नळी ओढी, ओली असतानाच तिला दोन्ही बाजूंनी उभी चीर देई, आणि सुकल्यावर तिची दोन शकले होत. भट्टीतून निघाले की एका नळीची दोन कौले तयार. त्यांची मांडणी अगदी साधी. खाली बांबूचा किंवा घाटावरून आणलेल्या कारवीचा ताटवा; त्यावर कौलांची एक ओळ पोट वर करून, म्हणजे पन्हळीसारखी; आणि दोन पन्हळींच्या सांध्यावर दुसरी ओळ पालथी. पाणी पालथ्या कौलावरून घसरते, उताण्या कौलात पडते आणि वळचणीला येऊन पागोळ्या होऊन गळते. ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात एका विद्येचे पहिले सूत्र आहे.

या मांडणीत खिळा नाही, चुना नाही, तार नाही. सारे नुसते एकमेकांवर टेकलेले. मांजर पळाले, वानर उतरले, वावटळ आली, की कौल सरकलेच. म्हणून दर वर्षी होळीनंतर आणि मृगाच्या आधी घर शाकारावयाचे. सगळी कौले उतरवून घ्यावयाची, साठलेली माती आणि पाचोळा झाडावयाचा, फुटकी बाजूला काढावयाची, किडलेला बांबू बदलावयाचा आणि पुन्हा ओळी लावावयाच्या. घरधन्याची मुले खाली उभी राहून कौले वर देत, शेजारी हात लावीत, बायका चहा-भाकरीचे पाहत. लग्नसराई उरकली की शाकारणी, आणि शाकारणी झाली की पेरणी, असा क्रम असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बारा बलुत्यांची यादी कोणत्याही गावची काढा. तीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे. कुंभाराने कौल केले, सुताराने आढे-वासे बसविले. पण ते कौल छपरावर चढवून पाणी अडविणारा जो कारागीर, त्याचे नाव त्या यादीत नाही. ते काम कोणाचे एकट्याचे नव्हते म्हणून सर्वांचे होते, आणि सर्वांचे होते म्हणून त्याला ना वतन मिळाले, ना जात, ना नाव. कोणी ‘शाकारणारा’ म्हणे, कोणी ‘कौलेवाला’, कोणी नुसते ‘तो छपरावरचा गडी’. या नाव नसण्याचा परिणाम पुढे किती दूरवर गेला ते सांगण्यासाठीच हा लेख.

आता 1865 साल. त्या वर्षाच्या आरंभी थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, आगगाडीचा मार्ग खुला झाला आणि मुंबई बंदर नाशिकला थेट जोडले गेले. त्याच वर्षी सहाशे मैलांपलीकडे मंगळूरला, नेत्रावती नदीच्या काठी जेप्पू येथे, बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसाने कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती उत्तम, लाकूडफाटा मुबलक, आणि माल वाहून नेण्यास समुद्र दाराशी. मिशनचा हेतू धर्मांतरितांना रोजगार देण्याचा. पण निघाले ते कौल साऱ्या पश्चिम किनाऱ्याने उचलून धरले. मंगळूरहून गलबतांनी ते मुंबईला येई आणि तेथून आगगाडीत बसून घाट चढे. या दोन घटना घडविणाऱ्यांना एकमेकांची खबरही नसावी. परंतु त्या दोहोंच्या गाठीतून नाशिकच्या डोक्यावरचे छप्पर बदलले.

हे नवे कौल चपटे होते. साच्यात दाबून काढलेले, एका बाजूला खाच, दुसऱ्या बाजूला त्या खाचेत बसणारा कंगोरा, आणि पाठीवर रिपेला अडकण्यासाठी टेंगळे. एक कौल दुसऱ्याला धरून ठेवी. देशी कौलांचा दुहेरी थर येथे एकेरी झाला, म्हणून छपराचे वजन उतरले, लाकूड कमी लागू लागले. मुख्य म्हणजे वर्षाची शाकारणी टळली; दोन-चार वर्षांनी एकदा फुटकी बदलली की पुरे. देवळाली कॅम्पातले जुने बंगले व आरोग्यधामे, सरकारी कचेऱ्या, रेल्वेच्या चाळी आणि मग हळूहळू गावातले वाडे यांवर ही लाल कौले चढली. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मनांचे म्हणून ते कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. तोवर देशी मालकांचेही कितीतरी कारखाने उभे राहिले होते. पण कौल कोठेही भाजलेले असो, त्याचे नाव ‘मंगळुरी’च राहिले, गुजरातेत मोरबीला झालेले कौलसुद्धा आमच्याकडे मंगळुरीच म्हणून विकले जाई.

प्लेब्स्टची ही कल्पना स्वतःची नव्हती. फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात आल्टकिर्श नावाचे एक गाव आहे. तेथल्या जिलार्दोनी बंधूंनी 1841 साली खाचेत खाच अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. तेच पुढे युरोपभर पसरले आणि बासेलच्या वाटेने मंगळूरला आले. आल्सास आणि बासेल हे शेजार-शेजारचे मुलूख, तेव्हा यात नवल नाही.

नवल पुढेच आहे. नाशिकहून फार लांब नसलेल्या प्रवरेकाठच्या नेवाशाला डॉ. हसमुख सांकळिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी 1954 पासून उत्खनन केले. तेथे सातवाहनकाळाच्या थरांत भाजल्या मातीची चपटी कौले मिळाली. त्यांना खोबणी आहेत आणि खिळ्याने वाशाला ठोकण्यासाठी भोकेही आहेत. मराठवाड्यातल्या तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरलाही याच जातीची कौले निघाली. म्हणजे चपटे, खाचेचे कौल दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात लोकांच्या डोक्यावर होते! नाशिकच्या पांडवलेण्यांत ज्यांच्या दानाचे लेख कोरले आहेत, त्या सातवाहनांच्या प्रजेची ती घरे. मग पेशवाईतल्या कुंभाराच्या चाकावर जे येते, ते मात्र अर्ध्या नळीचे. मधल्या शतकांत कोठेतरी ही विद्या हातातून निसटली. राजाचे नाव शिलालेखात राहिले, दानाची रक्कम राहिली, भिक्षूंच्या संघाचे नाव राहिले. कौल घालणाऱ्याचे काहीच राहिले नाही. आणि मग खाचेचे कौल पुन्हा येण्यासाठी आल्सासपासून मंगळूरपर्यंतचा वळसा पडला.

विद्या कशी निसटते हे समजावयाचे असेल, तर ती दिली कशी जाते ते पाहावे. माझी उमेदवारी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली झाली, त्यांना अक्षरओळख बेताचीच होती. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला शिडीला पाऊल लावू दिले नाही. गाडीतून उतरलेल्या ढिगापाशी बसविले आणि सांगितले, “पोरा, कौल डोळ्यांनी बघू नको, कानानं बघ.” डाव्या हातावर कौल उभे तोलावे आणि उजव्या हाताच्या बोटाच्या गाठीने त्यावर टिचकी मारावी. नीट भाजलेले कौल खणखणते. आत बारीक तडा असला, की आवाज बसतो. कच्चे असले, की मडक्यासारखा बद्द वाजतो. डोळ्याला तिन्ही सारखीच लाल. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, एकशेचाळीसच्या आसपास कौले लागतात. घर दहा ब्रासांचे असले तर हिशेब वाचकांनीच करावा. संध्याकाळी घरी आलो तरी कानांत टिचक्या वाजत असत.

पाठ वाचण्याची सवयही तेथेच लागली. प्रत्येक कारखाना कौलाच्या पाठीवर आपले आणि गावाचे नाव उठवी. जुन्या वाड्याचे छप्पर उतरविताना एकाच पाख्यावर तीन-तीन कारखान्यांची कौले निघत. दुरुस्ती कितीदा झाली ते त्यांवरून सांगता येई. मिस्त्री मात्र अशी सरमिसळ पाहून कपाळाला हात लावीत. एका साच्याचे कौल दुसऱ्या साच्याच्या खाचेत बसत नाही. वरून बसल्यासारखे दिसते आणि श्रावणात बिंग फुटते. म्हणून एका कारखान्याची कौले एका पाख्याला लावावयाची, उरलेली दुसऱ्याला, हा त्यांचा कडक नियम.

मग छपरावर चढलो. पहिला धडा उताराचा. आडव्या दोन फुटांना उभा एक फूट, याहून छप्पर चपटे झाले, तर वाऱ्याच्या दाबाने पाणी सांध्यातून मागे चढते. म्हणजे ‘आढ्याचे पाणी वळचणीला’ ही म्हणसुद्धा उतार नीट असेल तरच खरी. दुसरा धडा रिपांचा. दोन रिपांमधले अंतर कौल हातात धरून ठरवावयाचे, पुस्तकातून नव्हे. कारण साचागणिक त्यात अर्धा-पाऊण इंचाचा फरक पडतो आणि वीस ओळींमागे तो पाऊण इंच आढ्याशी वीतभर होऊन उभा राहतो. तिसरा धडा चालण्याचा. अनवाणी चढावयाचे आणि पाऊल कौलाच्या खालच्या टोकावर ठेवावयाचे. तेथे दोन कौले एकावर एक असतात आणि पोटात रीप असते. कौलाच्या मध्यावर पाय पडला, की ते मोडलेच. वैशाखात कौले इतकी तापत, की काम उजाडता सुरू करून दहा-साडेदहाला उतरावे लागे. आम्ही पोरे तळपाय चोळीत बसलो, की मिस्त्री म्हणत, “चटका बसतोय ना? मग पाय जपून पडंल.”

ओळ वळचणीपासून आढ्याकडे चढते. पहिल्या ओळीला दोरी लावून ती सरळ केली नाही, तर वरचे सारे वाकडे. वळचणीची आणि कडेची कौले तारेने बांधावयाची, कारण वारा प्रथम तेथेच बोट घालतो. माजघरात किंवा स्वयंपाकघरात उजेड हवा असेल तेथे एखादे काचेचे कौल बसवावयाचे. वाड्याला चौक असला, की चारी पाखी आत उतरतात आणि चार कोपऱ्यांत पाखी एकमेकांना भिडून घळी तयार होतात. सगळ्यांत अवघड काम ते. घळीतल्या पत्र्यावर दोन्ही पाख्यांचे पाणी येते. तेथे कौले तिरपी कापून बसवावी लागतात, आणि कापलेल्या कौलाला रिपेवर टेकण्यापुरते अंग उरले पाहिजे. सर्वांत शेवटी आढ्याची टोपीसारखी कौले चुन्यात बसवावयाची. चुना कमी झाला तर वारा ती उचलतो आणि जास्त झाला तर त्याला तडे जाऊन पाणी आत जिरते. ‘कमी’ आणि ‘जास्त’ यांच्या मधली जागा कोणत्याही मापाने सांगता येत नाही. ती करणीवर घेतलेल्या चुन्याच्या वजनावरून मनगटाला कळते. ते मनगट तयार व्हावयास मला तीन उन्हाळे लागले.

इतर देशांत या कामाला नाव होते. इंग्लंडात 1477 साली राजाने कायदा करून कौलाचे माप ठरविले: 10½ इंच लांब, 6¼ इंच रुंद. लंडनच्या कौलकारांच्या व वीटकाम करणाऱ्या गवंड्यांच्या मंडळीला 1568 साली पहिल्या एलिझाबेथ राणीची सनद मिळाली. त्या काळच्या कायद्याने उमेदवारी सात वर्षांची असे. वेल्समध्ये कौलाऐवजी पाटीचा दगड छपरावर घालतात. आपण लहानपणी जिच्यावर अ-आ-ई गिरविले त्याच जातीचा दगड. त्याचे पापुद्रे काढून, जाडीप्रमाणे निवडून, जाड वळचणीला आणि पातळ आढ्याकडे अशी त्याची मांडणी करतात. मापांना तेथे मोठी गमतीची नावे: सर्वांत मोठ्यांपैकी एक ‘डचेस’, तिच्याहून लहान ‘काउंटेस’, तिच्याहून लहान ‘लेडी’. गरीब मजूर दिवसभर सरदारणी खांद्यावरून वाहत असे, अशी थट्टा तेथे चालत असल्यास नवल नाही. हिमालयाच्या कुशीत कांगड्यालाही पाटीच्या दगडाची छपरे आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तर मात्र पापुद्र्याने सुटत नाही, म्हणून आपल्या वाट्याला मातीच आली. पण निवड, उतार, एकावर एक चढ आणि पाण्याची वाट, या चार गोष्टी वेल्समध्ये त्याच, कांगड्यात त्याच आणि नाशकातही त्याच. फरक इतकाच की तेथे त्यांचा धंदा झाला, त्याची मंडळी झाली, परीक्षा झाली; येथे ते काम ‘छपरावरच्या गड्या’चे राहिले.

आमच्या उमेदवारीच्या काळातच स्लॅब आला होता. परंतु सिमेंटवर नियंत्रण होते. परवान्यावाचून पोते मिळणे कठीण. त्यामुळे सामान्य माणसाचे घर कौलारूच राहिले. 1982 साली ते नियंत्रण अंशतः उठले आणि नंतरच्या वर्षांत सपाट गच्च्यांनी शहर भरून गेले. यात रडण्यासारखे काही नाही. वाढत्या शहराला मजल्यावर मजला हवा, आणि कौलारू घरावर दुसरा मजला चढत नाही. शाकारणीतून सुटलेली गृहिणी स्लॅबला दुवा देईल तर तिचे काय चुकले? मी स्वतः आयुष्याचा उत्तरार्ध स्लॅबच टाकण्यात घालविला.

चुकले ते दुसरीकडे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या, 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, आणि हातकामाच्या विद्यांना प्रथमच पाटी, वर्ग आणि प्रमाणपत्र मिळाले. गवंडी आला, सुतार आला, नळकारागीर आला, वीजतंत्री आला. जुन्या बलुत्यातला सुतार-लोहार नव्या वर्गात जाऊन बसला, कारण त्याला नाव होते. ज्याला नाव नव्हते तो बाहेरच राहिला. गवंडी म्हणे, कौल हे सुताराचे काम. सुतार म्हणे, आमचे काम रिपेपर्यंत. मी अनेक वर्षे शोधले, पण कौलारू छपराचा स्वतंत्र अभ्यासक्रम मला आपल्या भागात भेटला नाही. बिनबलुत्याचा कारागीर बिनवर्गाचाही झाला.

त्याची किंमत आज जुने नाशिक भरते आहे. भद्रकालीपासून गोदाकाठापर्यंतच्या गल्ल्यांत जे वाडे उरले आहेत, त्यांतल्या धोकादायक घरांना महापालिका दर पावसाळ्याच्या तोंडावर नोटिसा देते, आणि पावसाळ्यात कोठे ना कोठे वाडा कोसळल्याची बातमी येते. भाडेकरू-मालकांचे तंटे, वाटण्या, पैशाची तंगी ही कारणे आहेतच. पण वाडा मरतो तो सहसा छपरापासून. एक कौल फुटते. ते बदलावयास माणूस मिळत नाही. आलेला माणूस मध्यावर पाय देऊन आणखी चार फोडतो. पाणी रिपेत मुरते, रिपेतून वाशात, वाशाच्या टोकातून मातीच्या भिंतीत. सागवान ऊन सोसते, वजन सोसते. भिंतीत अडकलेले ओले टोक मात्र सोसत नाही. दहा-बारा पावसाळ्यांनी तुळई खाली येते आणि लोक म्हणतात, वाडा जुना झाला होता. वाडा जुना झालेला नसतो. वीस-पंचवीस रुपयांच्या एका कौलाला वेळेवर हात मिळालेला नसतो.

दुसरीकडे एक मौज चालू आहे. शहराबाहेर गंगापूर धरणाच्या वाटेवर नवे बंगले होत आहेत आणि त्यांच्या तिरप्या स्लॅबवर हौसेने लाल कौले चिकटविली जातात. पाणी अडविते सिमेंट. कौल नुसते कुंकवासारखे. त्याचा मला राग नाही. माणसाला अजून कौलारू घर म्हणजे ‘घर’ वाटते, याचीच ती साक्ष. मात्र त्या कौलाला खाच असते आणि ती कशात अडकत नाही, हे पाहिले की नेवाशाच्या त्या खापरांची आठवण येते. वस्तू राहते, रूप राहते, आणि ती बसविण्याची विद्या आधी जाते. दोन हजार वर्षांपूर्वी असेच झाले असेल का, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

ही विद्या वाचविण्यास फार मोठे काही लागत नाही. मंगळूरकडचे बरेचसे कारखाने बंद पडले असले, तरी कौल अजून मिळते. छपरावर आयुष्य घालविलेली, सत्तरी ओलांडलेली चार-दोन माणसे नाशकात, त्र्यंबकला, इगतपुरीला अजून सापडतील. गवंडीकामाच्या वर्गाला जोडून एका उन्हाळ्याचा पाठ काढावा. होळीनंतर मुलांना एखाद्या खऱ्या वाड्यावर न्यावे; एक पाखे उतरवून पुन्हा चढवून घ्यावे; टिचकी, उतार, रिपेचे अंतर, घळ आणि आढे, एवढे पाच धडे द्यावेत. मुलांना हातकाम मिळेल, वाड्याचे एक छप्पर नीट होईल. आणि प्रमाणपत्रावर त्या कारागिराचे नाव लिहावे. काय लिहावे याविषयी वाद होऊ शकेल. ‘कौलकार’ हा शब्द मला बरा वाटतो. कोणाला याहून चांगला सुचला तर तो घ्यावा. पण बिननावाचे ठेवू नये. जातीने कोणी कौलकार नव्हता हे आज उलट बरेच झाले, कारण म्हणूनच ते कोणीही होऊ शकेल.

दिवाळी हा खरे तर छपराच्या परीक्षेचा निकाल लागण्याचा सण आहे. चार महिने पाऊस प्रश्न विचारतो आणि आश्विनात घर रंगवावयास काढले, की भिंतीवरचे ओघळ उत्तरपत्रिकेतल्या तांबड्या खुणांसारखे दिसू लागतात. ज्यांचे घर अजून कौलारू आहे त्यांनी आकाशकंदील वळचणीला टांगताना जरा मान वर करून पाहावे. कोणती ओळ सरकली आहे, कोणत्या कौलाखाली वासा काळा पडला आहे, ते आजच टिपून ठेवावे. होळीनंतर माणूस शोधावयास सोपे जाईल. आणि माणूस सापडलाच, तर त्याच्याबरोबर घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला खाली उभे राहून कौले वर देण्याच्या कामाला लावावे. शिकण्याची सुरुवात तिथूनच होते.